कचऱ्याची जागा कोण ठरवतो?



आपल्या व्याख्यानमालेत बहुधा इतिहासावर, शिक्षणावर किंवा राखीव जागांच्या प्रश्नावर बोलले जाते. यंदा कचऱ्यावर बोलायचे ठरले तेव्हा दोन-तीन ज्येष्ठ मंडळींनी, हा काय विषय झाला, असे विचारलेच. आमचे म्हणणे एवढेच, की गावाने टाकलेले उचलण्याचे काम ज्यांच्या माथी पिढ्यानपिढ्या मारले गेले, त्यांच्या नातवंडांनी कचरा कुठे जातो, का जातो आणि ते कोण ठरवतो याचा अभ्यास करायचा नाही, तर तो कोणी करायचा? नाकाला रुमाल लावून टाळावा असा हा विषय नाही. शिवाय तो आज आपल्या दारात येऊन उभा राहिला आहे.

आपल्या शहराच्या पालिकेने कचरा हस्तांतरण केंद्रासाठी जागा पाहायला सुरुवात केली आहे. तीन जागांची नावे चर्चेत आहेत. पहिली आपल्या वसाहतीमागची, नाल्यालगतची मोकळी जागा. दुसरी बाह्यवळण रस्त्यावरच्या बंद पडलेल्या जकात नाक्याची. तिसरी बाजार समितीच्या आवाराच्या कोपऱ्यातली; पण तिच्याविरुद्ध व्यापारी मंडळींनी निवेदन दिले आणि ती यादीतून गळाल्यात जमा आहे. निवेदन देताच जागा गळते, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे, आणि कोणाच्या निवेदनाने गळते हेही. आता आपल्या वसाहतीतूनही निवेदन जावे, 'येथे नको, जकात नाक्यावर न्या' असे त्यात लिहावे, असा युवक मंडळाचा आग्रह आहे. कागद तयार आहे, सह्या चालू आहेत. त्या कागदावर सही करणाऱ्याने आणि न करणाऱ्यानेही काही गोष्टी जाणून घ्याव्यात म्हणून आजचे हे बोलणे.

पहिली गोष्ट ही, की हस्तांतरण केंद्र म्हणजे डंपिंग ग्राउंड नव्हे. काही शहरांत याला रॅम्प म्हणतात. घंटागाडी घरोघरचा कचरा गोळा करते आणि तो या केंद्रावर आणून ओतते. तेथे तो मोठ्या गाडीत किंवा बंद पेटाऱ्यात भरला जातो आणि दूरच्या प्रकल्पावर किंवा डेपोवर रवाना होतो. कचरा तेथे मुक्कामाला राहायचा नसतो. केंद्र चांगले चालले तर संध्याकाळी फरशी धुतलेली दिसली पाहिजे. वाईट चालले तर मात्र सहा महिन्यांत त्याचे लहानसे डंपिंग ग्राउंड होते. मोठी गाडी नादुरुस्त झाली, ठेकेदाराचे बिल अडकले, डेपोच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, यांपैकी काहीही घडले तरी कचरा साठतो तो केंद्रावर. म्हणून नकाशावर 'फक्त हस्तांतरण' असे लिहिले म्हणून निश्चिंत राहू नये.

मग पालिकेला हे केंद्र हवेच कशाला? विद्यार्थ्यांनी एक हिशेब करून पाहावा. समजा, शहरात रोज ६० टन कचरा निघतो. एका घंटागाडीत पाऊण टन मावतो असे धरले तर ८० खेपा होतात. डेपो २० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४० किलोमीटर. ८० खेपांचे रोजचे ३,२०० किलोमीटर झाले. आता केंद्र शहरातच, सरासरी ३ किलोमीटरवर आहे असे धरा. घंटागाड्यांचे मिळून ४८० किलोमीटर होतील, आणि १० टनांच्या मोठ्या गाडीच्या ६ खेपांचे २४० किलोमीटर. एकूण ७२०. डिझेल वाचते, वेळ वाचतो आणि घंटागाडी गल्लीत दुसरी फेरी मारू शकते. तेव्हा केंद्राची मागणी खोटी नाही. केंद्रच नको म्हणणाऱ्याने उरलेल्या २,४८० किलोमीटरचा खर्च कोणी भरायचा हेही सांगावे.

परंतु याच हिशेबाची दुसरी बाजू कोणी फळ्यावर मांडत नाही. पूर्वी ज्या ८० खेपा डेपोवर जात होत्या, त्या आता एका फाटकातून आत येणार. बहुतेक सकाळी ७ ते ११ या वेळात येणार. म्हणजे दर तीन मिनिटांनी एक गाडी आत आणि तितक्याच बाहेर. त्याच वेळी शाळा भरते. वाचलेले डिझेल साऱ्या शहराचे; गाड्यांची रांग, हॉर्न, धूर आणि रस्त्यावर गळणारे काळे पाणी एका आळीचे. वादाचे मूळ येथे आहे. लाभ सर्वांचा आणि झळ एकाची, अशी ही व्यवस्था असते, आणि ती झळ कोणी सोसायची हे ठरवताना मोजमापाच्या टेपाबरोबर आणखी एक टेप वापरली जाते. ती टेप आपल्या ओळखीची आहे.

मुंबईचे उदाहरण घेऊ. तेथे महालक्ष्मीला कचरा रेल्वेच्या वाघिणींत भरत आणि तो शहराबाहेर चेंबूरच्या बाजूला जाई. कुर्ला-चेंबूर हा लोहमार्ग १९०६ चा. त्यावरून प्रवासी गाडी सुरू झाली ती १९२४ मध्ये. म्हणजे त्या रुळांवरून माणसांच्या आधी कचरा गेला. पुढे १९२७ पासून देवनारचे डंपिंग ग्राउंड सुरू झाले. ज्या वर्षी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच वर्षी मुंबईने आपला कचरा टाकायला देवनार धरले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे खरेच. पण १९२७ म्हटले की आम्हांला आता दोन्ही आठवतात.

देवनारभोवतीची वस्ती आपणहून तेथे आली, असे पुष्कळदा म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. १९७० च्या दशकात शहरातल्या झोपडपट्ट्या उठवून तेथील माणसांना महापालिकेनेच शिवाजीनगर-बैंगनवाडीच्या भूखंडांवर नेऊन बसवले. कधी कचरा गरिबाच्या दारात आणतात, कधी गरिबाला कचऱ्याच्या दारात नेतात. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा एम-पूर्व विभाग २४ विभागांत सर्वांत तळाशी होता. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला मोठी आग लागली. तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा कुठे उरलेल्या मुंबईला देवनारची आठवण झाली. गोवंडीकरांना तो धूर नवा नव्हता.

आता जरा लांब जाऊ. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात नेमका आपल्यापुढचाच प्रश्न आला, आणि त्याचा निकाल लागायला जवळपास तेरा वर्षे लागली. ही हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

न्यूयॉर्कचा कचरा स्टेटन आयलंड भागातल्या 'फ्रेश किल्स' नावाच्या जागेत पडत असे. १९४८ मध्ये सुरू झालेली ही जागा मार्च २००१ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर जुळ्या मनोऱ्यांचा ढिगारा नेण्यापुरती ती पुन्हा उघडावी लागली, ते वेगळे. शहरात कचरा टाकायला जागा उरली नाही, तेव्हा तो ट्रकने खाजगी हस्तांतरण केंद्रांवर न्यायचा आणि तेथून परराज्यांत पाठवायचा, असे सुरू झाले. ही केंद्रे होती कुठे? साउथ ब्राँक्समध्ये, उत्तर ब्रुकलिनमध्ये आणि आग्नेय क्वीन्समध्ये. म्हणजे कृष्णवर्णीय, पोर्तोरिकन आणि इतर कष्टकरी वस्त्यांत. शहराच्या कचऱ्याचा फार मोठा हिस्सा या मोजक्या वस्त्यांतून जाऊ लागला. साउथ ब्राँक्स हा मुलांच्या दम्यासाठी कुप्रसिद्ध भाग. आणि ज्या मॅनहटनमध्ये सर्वांत श्रीमंत माणसे राहतात, तेथला घरगुती कचरा पाण्याखालच्या बोगद्यांतून आणि पुलांवरून दुसऱ्यांच्या दारात जात होता.

या वस्त्यांतल्या लोकांनी काय केले, हे विद्यार्थ्यांनी ऐकावे. ते रस्त्याच्या कोपऱ्यावर वही घेऊन उभे राहिले आणि ट्रक मोजले. कोणत्या वेळी किती ट्रक गेले, शाळेसमोरून किती गेले, किती ट्रक चालू इंजिनाने रांगेत उभे राहिले, याची नोंद केली. घोषणांना उत्तर देता येते, वहीला देणे अवघड जाते. त्यांची मागणी, 'आमच्याकडे नको' एवढीच असती तर ती कधीच हवेत विरली असती. त्यांनी मागितले ते असे, की शहराच्या प्रत्येक भागाने आपल्या कचऱ्याचा भार आपण उचलावा. मॅनहटननेसुद्धा.

जुलै २००६ मध्ये शहराच्या कायदेमंडळाने तशी योजना मंजूर केली. तीनुसार नदीकाठी केंद्रे बांधायची आणि कचरा बंद पेटाऱ्यांतून, ट्रकऐवजी बार्जने न्यायचा. मॅनहटनसाठी जागा ठरली पूर्वेच्या ९१ व्या रस्त्याच्या टोकाला, अप्पर ईस्ट साइड या धनिक वस्तीत. तेथे जुने केंद्र होतेच; ते १९९९ मध्ये बंद झाले होते. नव्याला विरोध सुरू झाला. शेजारी मुलांचे क्रीडांगण आहे आणि ट्रकची चढण त्याला लागूनच जाते, हे खरे होते. जवळ गरिबांसाठीची सरकारी घरे आहेत, त्यांना त्रास होईल, असेही श्रीमंत विरोधक सांगू लागले. एरवी त्या घरांची आठवण त्यांना किती येत असेल कोण जाणे! खटले झाले, खर्च वाढला, निवडणुकांत हा मुद्दा गाजला. पण योजना टिकली. क्वीन्समधले केंद्र २०१५ मध्ये, ब्रुकलिनमधली दोन २०१७ आणि २०१८ मध्ये, आणि मॅनहटनचे ९१ व्या रस्त्याचे मार्च २०१९ मध्ये सुरू झाले. मध्यंतरी २०१८ मध्ये शहराने आणखी एक कायदा केला. उत्तर ब्रुकलिनमधल्या केंद्रांची परवानगीची क्षमता निम्म्याने, आणि साउथ ब्राँक्स व आग्नेय क्वीन्समधल्यांची एक-तृतीयांशाने कमी करायची, असे त्यात ठरले.

या हकीकतीतले क्रीडांगण विसरू नये. श्रीमंतांची हरकत सर्वस्वी खोटी नव्हती. मुले कोणाचीही असोत, त्यांच्या खेळाशेजारून ट्रक जाणे वाईटच. म्हणून तर ती चढण, ती वेळापत्रके, त्या भिंती यांवर वाद करून सुधारणा करून घेता येतात. ज्या वस्तीला वाद करण्याची सोय नसते, तेथे मात्र ट्रक तसेच जातात.

याच ९१ व्या रस्त्यापासून थोड्याच अंतरावर उत्तरेला ईस्ट हार्लेम आहे. तेथे १९६९ च्या उन्हाळ्यात पोर्तोरिकन तरुणांच्या 'यंग लॉर्ड्स' या संघटनेने हातात झाडू घेतले. पालिका कचरा उचलत नाही म्हणून त्यांनी तो झाडून गोळा केला आणि भर रस्त्यात त्याचे ढीग रचून वाहतूक बंद केली. पुढे तीनच वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचे. त्यांच्या आणि आपल्या लढ्यांतले हे नाते जुने आहे. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉरन परगण्यात विषारी तेल मिसळलेली माती पुरण्यासाठी काळ्या लोकांची बहुसंख्या असलेले खेडे निवडले गेले. लोक ट्रकपुढे आडवे झाले, ५०० हून अधिक जणांना अटक झाली. माती तरीही तेथेच पुरली गेली. पण त्या हरलेल्या लढ्यातून १९८७ मध्ये एका चर्चच्या आयोगाने देशभरातल्या अशा जागांचा अहवाल काढला, आणि घातक कचऱ्याची जागा कुठे निघते याचा सर्वांत ठळक दुवा वंश हा आहे, हे आकड्यांनिशी दाखवले. आपल्याकडे जातीचा असा आकडा कोणी काढलेला आमच्या पाहण्यात नाही. महाविद्यालयात संशोधनाला विषय मिळत नाही म्हणणाऱ्या आपल्या मुलांना हा आम्ही फुकट देतो.

परदेशातले सांगितले, म्हणून आपल्याकडचेही सांगितले पाहिजे. छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचे औरंगाबाद. नागसेनवनाचे हे शहर आपल्यापैकी अनेकांना परिचयाचे. शहराचा कचरा तीस-एक वर्षे नारेगावला पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव आणि भोवतालच्या गावांनी गाड्या अडवल्या: आता पुरे. मग शहरात चौकाचौकांत ढीग लागले. महापालिका रोज नवी जागा शोधायची आणि रोज नवे गाव रस्त्यावर यायचे. ७ मार्चला मिटमिट्याला दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, लाठ्या चालल्या, आणि प्रकरण पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यापर्यंत गेले. शेवटी एका जागेऐवजी चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी अशा चार ठिकाणी प्रक्रिया केंद्रे करायचे ठरले. हे चार वाटे आधीच केले असते तर? जागा घाईत, पोलीस बंदोबस्तात ठरवली की ती सहसा दुबळ्याच्या दारात ठरते. आणि दुबळा दुबळा राहिला नसेल तर दगड पडतात.

पुण्यात कोथरूडचा डेपो बंद झाला आणि कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीला गेला. कोथरूडच्या त्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे. उरुळीच्या विहिरींचे पाणी मात्र गेले. बाणेरचे प्रकरण याहून निराळे. तेथल्या ओल्या कचऱ्याच्या प्रकल्पाविरुद्ध सभोवतालचे सोसायटीवाले हरित न्यायाधिकरणात गेले. २०२० मध्ये प्रकल्प हलवण्याचा आदेश झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. जागा विकास आराखड्यात त्या कामासाठीच राखीव होती, आणि प्रकल्प हलवला तर पश्चिम पुण्याचा कचरा पुन्हा शहरभर फिरवून लांब न्यावा लागेल, हे न्यायालयाने पाहिले. मात्र वास येऊ नये म्हणून काय करावे, भोवती झाडे कशी लावावीत, तपासणी कोणी करावी, याच्या सूचनाही दिल्या. म्हणजे प्रकल्प राहिला, पण मोकाट राहिला नाही.

विनयपिटकात भिक्षुणींसाठी एक नियम आहे. मलमूत्र, केरकचरा, उष्टे-खरकटे भिंतीपलीकडे किंवा कुंपणापलीकडे टाकू नये. टाकायला दुसऱ्यालाही सांगू नये. एका भिक्षुणीने भिंतीवरून टाकलेली घाण रस्त्याने चाललेल्या ब्राह्मणाच्या डोक्यावर पडली, त्यावरून हा नियम झाला अशी कथा आहे. आम्हांला त्यातले, 'दुसऱ्यालाही सांगू नये' हे महत्त्वाचे वाटते. पालिका म्हणजे आपण सर्वांनी मिळून सांगितलेला दुसराच आहे. आणि भिंत आपल्या बाजूची असली तरी पलीकडे कोणी तरी चाललेला असतो.

आता युवक मंडळाच्या कागदाकडे येऊ. जकात नाक्याची जागा काही बाबतींत खरोखरच चांगली आहे. नाका ट्रकसाठीच बांधलेला. गाडी वळवायला मोकळी जागा आहे, वजनकाट्याचा चौथरा आहे, मोठ्या रस्त्यावरून थेट आत येता येते, शाळेवरून जावे लागत नाही. आपल्या वसाहतीमागच्या जागेला यातले काही नाही. तेथे यायला एकच रस्ता आहे आणि तो शाळेच्या फाटकासमोरून जातो. पावसाळ्यात नाला चढतो, तेव्हा केंद्राचे काळे पाणी नाल्यात आणि नाल्याचे पाणी आपल्या घरांत येणार. वारा पावसाळ्यात नैऋत्येकडून येतो, आणि जागा वसाहतीच्या नैऋत्येलाच आहे. या चार गोष्टी लिहून दिल्या तर जात, वस्ती, भावना यांतले एक अक्षरही न लिहिता ही जागा अयोग्य ठरते. हरकत अशीच लिहावी.

पण निवेदनात, 'जकात नाक्याजवळ वस्ती नाही' असे जे वाक्य आहे, ते खरे नाही. नाक्याच्या मागे वडार आणि पारधी कुटुंबांची पाले आहेत. आम्ही जाऊन पाहिली. तीसच्या आसपास असतील. त्यांच्या नावे सातबारा नाही, अनेकांकडे शिधापत्रिका नाही, म्हणून पालिकेच्या नकाशावर ती जागा रिकामी दिसते. एकेकाळी आपले महारवाडेही गावाच्या नकाशावर असेच रिकामे होते. व्यापाऱ्यांनी निवेदन देऊन कचरा आपल्याकडे लोटला, आपण निवेदन देऊन तो पालांकडे लोटला, आणि पालांना निवेदन लिहिता येत नाही म्हणून तो तेथे थांबला. हा क्रम आपल्याला मान्य आहे काय? काही तरुण यावर चिडले. आपलेच भागत नाही, त्यात साऱ्या जगाची चिंता आपण का करावी, असे एकाने विचारले. प्रश्न प्रामाणिक आहे. आमचे उत्तर असे, की ते वाक्य कागदातून काढावे आणि पालांतल्या माणसांना विचारल्यावाचून जकात नाक्याचे नाव पुढे करू नये. त्यांच्याशी बोललो, तर पालांचे पुनर्वसन आधी आणि केंद्र नंतर, अशी मागणी दोघांना मिळून करता येईल. तिला बळही जास्त येईल.

दुसरी एक गोष्ट वसाहतीच्या बैठकीत निघाली. आपल्यातल्या कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या भगिनींना कोणी काही विचारलेच नव्हते. एक मावशी उठून म्हणाल्या, "वास आमच्या अंगाला नवा नाही. केंद्र कुठंबी करा, पण तिथं निवडायला आम्हांला बसू देणार का ते आधी विचारा. नाहीतर गाडी बंद पेटीत सगळं घेऊन जाईल आणि आमची चूल बंद." केंद्र बंदिस्त आणि यांत्रिक झाले तर वेचकांच्या हाती काही लागत नाही. उघडे राहिले तर वस्तीला त्रास. यावरचा मार्ग पुण्यात दिसतो. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये स्थापन झाली, आणि तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही वेचकांचीच सहकारी संस्था उभी राहून महापालिकेसाठी घरोघर कचरा गोळा करू लागली. केंद्र सरकारच्या ८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा नियमांनीही कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे, आणि सुक्या कचऱ्याच्या निवडीला जागा देण्याचे काम स्थानिक संस्थांवर टाकले होते. म्हणून सुका कचरा निवडण्याची शेड, तिच्यात ओळखपत्र असलेल्या आपल्या भगिनी, हातमोजे, पाणी, स्वच्छतागृह, हे सारे आराखड्यातच दाखवून घेतले पाहिजे. नंतर देऊ म्हणतील.

याच नियमांत डंपिंगच्या जागेसाठी अंतरे लिहिली होती. नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून २०० मीटर, वस्ती, महामार्ग आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरी यांपासून २०० मीटर. हस्तांतरण केंद्रासाठी मात्र तशी अंतराची यादी त्यांत नव्हती. त्यामुळे अमुक मीटरांचा नियम मोडला, असे म्हणून हे भांडण जिंकता येईल, या भ्रमात राहू नये. विकास आराखडा पाहावा. जागा दुसऱ्या कामासाठी राखीव असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे फेरबदलाची सूचना काढावी लागते आणि हरकतींसाठी मुदत द्यावी लागते. ती मुदत महिन्याची असते. सूचना वृत्तपत्राच्या कुठल्या तरी कोपऱ्यात येते आणि महिना निघून जातो.

एका निवृत्त अभियंता मित्राने आम्हांला सांगितले, की अटी घालून काही होत नाही, अटी कागदावर राहतात. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला, आणि तरी १९२७ मध्ये चालत जावे लागले. पण सगळ्या अटी सारख्या नसतात. 'रोज रात्री फरशी धुवावी' ही अट रोज मोडता येते. 'पहिली गाडी येण्यापूर्वी छप्पर, तीन बाजूंच्या भिंती, सिमेंटची फरशी आणि काळ्या पाण्याची टाकी पूर्ण झाली पाहिजे' ही अट एकदाच पाळावी लागते, आणि पाळली की नाही हे रस्त्यावरून दिसते. गाड्यांची रांग आवाराच्या आत मावेल एवढी जागा हवी, हीही तशीच अट. एका मोठ्या केंद्राऐवजी शहराच्या दोन टोकांना दोन लहान केंद्रे हवीत, ही तर सर्वांत मोठी. कारण दुसरे केंद्र बाजार समितीच्या बाजूला गेल्याशिवाय भाराचा वाटा होत नाही. व्यापारी मंडळींचे निवेदन वाचून ती जागा का वगळली, याचे लेखी कारण माहिती अधिकारात मागावे. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.

रोज पाळायच्या ज्या अटी आहेत, त्यांना पहारेकरी लागतो. त्यासाठी देखरेख समितीत वसाहतीचे, पालांचे आणि सफाई कामगारांचे प्रत्येकी दोन प्रतिनिधी घ्यावेत, त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि वजनकाट्याची रोजची नोंद फाटकावर फळ्यावर लिहावी, असे आम्ही सुचवतो. आत किती टन आले आणि बाहेर किती टन गेले, हे दोन आकडे जुळले नाहीत तर कचरा मुक्कामाला राहू लागला, एवढे चौथीतला मुलगाही सांगू शकेल. फळा नसेल तर दुर्गंधी सुटेपर्यंत कळत नाही.

सफाई कामगारांचा उल्लेख आला, म्हणून एक सांगतो. १ फेब्रुवारी १९६८ रोजी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात दोन काळे सफाई कामगार पावसापासून आडोसा घ्यायला कचरा दाबणाऱ्या गाडीच्या मागच्या भागात बसले आणि यंत्र चालू होऊन चिरडले गेले. त्यातून झालेल्या संपाला पाठिंबा द्यायला डॉ. मार्टिन ल्यूथर किंग गेले, आणि ४ एप्रिलला तेथेच त्यांची हत्या झाली. दाबयंत्राची गाडी आपल्या केंद्रावरही येणार आहे. कामगारांना पावसात उभे राहायला खोली आराखड्यात आहे की नाही, हे आम्ही अजून पाहिलेले नाही. नकाशा मिळताच पाहू.

विद्यार्थ्यांकडे एक काम आहे. येत्या सोमवारपासून सहा दिवस, सकाळी ७ ते ११, शाळेच्या फाटकासमोर, बाजार समितीच्या वळणावर आणि जकात नाक्यावर प्रत्येकी दोघांनी वही घेऊन उभे राहायचे आहे. किती अवजड गाड्या जातात, किती मुले रस्ता ओलांडतात, रस्त्याची रुंदी किती, हे लिहायचे. रकाने आखलेल्या वह्या संस्थेच्या वाचनालयात ठेवल्या आहेत. जकात नाक्यावर जाणाऱ्या दोघांनी आधी पालांवर जाऊन आपण कोण, कशासाठी आलो, हे सांगावे. वही घेऊन आलेला माणूस पाहिला की त्या लोकांना पाल उठवायला आलेत असे वाटते. युवक मंडळाचा कागद तोवर थांबवला आहे. ज्यांनी सह्या केल्या आहेत त्यांच्या सह्या तशाच आहेत, मजकूर बदलल्यावर तो त्यांना पुन्हा वाचून दाखवला जाईल.